आतून ढकललेला कॅनव्हास : युद्धोत्तर इटलीतलं उठावाचं चित्र विकत घेण्याआधी

लिलावाच्या कॅटलॉगमधली नोंद साधारण अशी असते. आगोस्तीनो बोनालुमी, 'बियांको', १९६६. शेप्ड कॅनव्हास आणि व्हायनिल टेम्पेरा. १०० × ८० × १२ सेंटिमीटर. पाठीमागे सही आणि साल. ही नोंद इथे नमुन्यादाखल रचली आहे, पण खऱ्या नोंदी याच साच्यातल्या असतात. 'बियांको' म्हणजे पांढरा. शेप्ड कॅनव्हास म्हणजे मागून आकार देऊन फुगवलेलं कापड, आणि व्हायनिल टेम्पेरा हा त्यावरचा मॅट रंग. फोटोतही एक पांढरा आयत, त्यावर दोन-तीन फुगवटे आणि त्यांच्या करड्या सावल्या, एवढंच दिसतं. यात रंगवलंय काय आणि लोक एवढे पैसे कशाला मोजतात, हा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतोच.

या चित्रात रंगाला फारसं काम नाही. कापडाला दिलेला ताण आणि त्यावर तिरका पडणारा उजेड, या दोघांनी मिळून चित्र होतं. म्हणून तपासायचा तो ताण. किंमत, नुकसान, दुरुस्ती, पॅकिंग यांतल्या प्रत्येक अडचणीचं मूळ शोधत गेलं की शेवटी हात त्या ताणलेल्या कापडावरच जातो.

अशी चित्रं करणारी मंडळी मिलानची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सर्वांत मोठा आधार होता लुचो फोन्ताना याचा. १८९९ मध्ये अर्जेंटिनात जन्मलेला हा चित्रकार १९४७ मध्ये मिलानला परतला, १९४९ पासून कॅनव्हासला भोकं पाडू लागला आणि १९५८ पासून त्याला उभ्या चिरा देऊ लागला. कॅनव्हास म्हणजे चित्र काढायची सपाट जागा, ही समजूत त्यानं पात्यानं कापून टाकली. पुढच्या पिढीनं कापड न कापता त्याला पुढे-मागे नेलं. एन्रिको कास्तेल्लानी आणि पिएरो मान्झोनी यांनी १९५९ मध्ये 'आझिमुथ' नावाचं नियतकालिक काढलं. त्याचे दोनच अंक निघाले. डिसेंबर १९५९ मध्ये मिलानच्या व्हिया क्लेरिचीवर त्यांनी 'आझिमुत' ही छोटी गॅलरी उघडली. पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत ती बंदही झाली. आठ महिन्यांचा हा कारभार, पण त्या काळातला प्रत्येक कागद आणि गॅलरीचं प्रत्येक लेबल आज जपून ठेवलं जातं. बोनालुमी १९३५ मध्ये विमेर्कातेत जन्मला आणि यांत्रिक ड्रॉइंग शिकला. १९५८ मध्ये मिलानच्या पातेर गॅलरीत तो या दोघांसोबत प्रदर्शनात होता. १९५९ पासून त्याचे फुगवलेले कॅनव्हास सुरू झाले. समीक्षक जिल्लो दोर्फलेस यांनी अशा कामांना 'चित्र-वस्तू' म्हटलं. कास्तेल्लानीनं ब्रसेल्समध्ये वास्तुकलेचं शिक्षण घेतलं होतं आणि मिलानला आल्यावर काही वर्षं वास्तुविशारदाच्या कार्यालयात नोकरीही केली होती. एक मशिनचे नकाशे काढणारा, दुसरा इमारतींचे. दोघांच्या चित्रांत मापाला एवढं महत्त्व का, ते यावरून कळतं.

एक गल्लत इथेच दूर करू. शेप्ड कॅनव्हास म्हटलं की अनेकांना अमेरिकन फ्रँक स्टेला आठवतो. त्याच्या कॅनव्हासची बाहेरची कड वेगवेगळ्या आकारांची असते, पृष्ठभाग मात्र सपाट. मिलानच्या मंडळींचं उलट आहे : कड बहुधा साधी चौकोनी आणि पृष्ठभाग भिंतीपासून पुढे आलेला. इटालियनमध्ये याला एस्त्रोफ्लेस्सिओने म्हणतात आणि कॅटलॉगमध्ये 'तेला एस्त्रोफ्लेस्सा' असं लिहिलेलं सापडतं. फोन्तानाच्या १९६३-६४ च्या 'ला फीने दी दीओ' मालिकेतले ३८ कॅनव्हास मात्र कडेनंही अंड्याच्या आकाराचे आहेत. त्यांतला एक पिवळा कॅनव्हास नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहात २ कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेला.

फुगवटा येतो कुठून

कास्तेल्लानीची पद्धत समजायला सोपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. लाकडी चौकटीच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांवर मोजून ठरवलेल्या अंतरानं खिळे. काही खिळे मागून कापडाला पुढे ढकलतात. त्यांच्या मधल्या जागी पुढून मारलेले खिळे कापड मागे खेचून धरतात. एक वर, एक खाली, परत एक वर. त्याच्या १९५९ मधल्या पहिल्या उठावाच्या कामात खिळेही नव्हते. कापडामागे हेझलनट भरून त्यानं फुगवटे आणले होते.

दोन उंच आणि दोन खोल बिंदूंमध्ये कापड सपाट राहूच शकत नाही. एका दिशेनं ते वर वाकतं, आडव्या दिशेनं खाली, आणि घोड्याच्या खोगिरासारखा आकार घेतं. विणलेलं कापड ताण्या-बाण्याच्या दिशेनं फार थोडं ताणलं जातं, तिरकं मात्र बरंच. खिळ्यांची जाळी ताण्या-बाण्याला समांतर असेल तर एक परिणाम दिसतो, तिरकी असेल तर दुसरा. खिळे एकमेकांपासून फार लांब असले की मधे सुरकुत्या पडतात. अंतर कमी आणि ढकल जास्त झाली की टोकापाशी वीण उघडते आणि वरचा अस्तराचा थर तडकतो. चांगल्या कामात ही दोन्ही टोकं टाळलेली असतात, आणि ती टाळण्यातच हात दिसतो.

बोनालुमीचं काम याहून मोठ्या आकारांचं. ठिपक्यांच्या जाळीऐवजी तो मागे लाकडी आणि धातूचा सांगाडा बसवतो : कमानी, फासळ्या, वाकवलेल्या कडा. त्यावर कापड ओढून पाठीमागे पक्कं करायचं. छत्रीच्या काड्या आणि त्यावरचं कापड यांचं जे नातं, तेच इथे सांगाड्याचं आणि कॅनव्हासचं. काडी कुठे आहे ते बाहेरून कळतं, पण दिसतो तो कापडानं घेतलेला बाक. साठच्या दशकात त्यानं 'सिरे' हे प्लास्टिकचा चकचकीत थर दिलेलं कापडही वापरलं. त्यात सावलीसोबत खोलीचं प्रतिबिंबही येतं, त्यामुळे मॅट व्हायनिल टेम्पेराच्या कामापेक्षा ते अगदी वेगळं दिसतं.

याच धाटणीचे आणखी दोघे ओळखून ठेवले तर कॅटलॉग चाळताना गोंधळ होत नाही. पाओलो स्केज्जीच्या कामात एकामागे एक तीन कॅनव्हास असतात, प्रत्येकाला गोल किंवा लंबगोल भोकं, आणि तिन्ही भोकं नेमकी एकावर एक येत नाहीत. तो १९७१ मध्ये, तिशीतच गेला, त्यामुळे कामं मोजकी. तूरी सिमेतीच्या कॅनव्हासखाली लंबगोल तुकडे असतात आणि त्यांची एकच कड वर आलेली दिसते.

रंग एकच का, याचंही उत्तर बांधणीत आहे. दोन रंग आले की डोळा त्यांची सीमा शोधतो आणि सावली मागे पडते. एका रंगात सावली एकटीच बोलते. म्हणून चित्रांची नावंही 'बियांको', 'रोस्सो', 'ब्लू' अशी, किंवा कास्तेल्लानीची 'सुपेर्फिचे बियांका' म्हणजे पांढरा पृष्ठभाग, अशी कोरडी असतात.

काय बिघडतं

नेहमीचं तैलचित्र सैल पडलं की चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी थोड्या ठोकून कापड पुन्हा ताणता येतं. उठावाच्या कामात हे करायचं नाही. चौकट मोठी केली की कडेकडचं कापड सरकतं, पण खिळे आणि फासळ्या जागच्या जागी राहतात. जास्तीचा सगळा ताण नेमका उंच टोकांवर येतो आणि तिथेच फाटतं. जुन्या चित्राला मागून दुसरं कापड चिकटवून बळ द्यायची रीतही इथे चालत नाही, कारण पाठ मोकळी नसते आणि चिकटवायला सपाट जागाच नसते. थोडक्यात, या चित्राला दुरुस्तीचे मार्ग कमी आहेत. विक्रेता 'थोडं सैल आहे, ताणून घेता येईल' असं सहज म्हणाला तर तिथेच थांबावं.

ताण जातो मुख्यतः हवेतल्या ओलाव्याच्या चढउतारानं. लाकूड आणि कापड दोन्ही ओलावा घेतात आणि सोडतात, पण सारख्या प्रमाणात आणि सारख्या वेगानं नाही. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान १८ ते २२ अंश, हा संग्रहालयांचा नेहमीचा पट्टा इथेही ठीक. एखादा दिवस आकडा थोडा इकडे-तिकडे गेला तरी बिघडत नाही. रोजची मोठी ये-जा बिघडवते. सैलपणा आधी खोलगट भागात दिसतो : खोगिराचा बाक विस्कळीत होतो, कडेला बारीक लाट उठते. कास्तेल्लानीच्या कामात एखाद-दुसरा खिळा निसटला तर जाळीच्या ओळीत एक 'दात पडलेला' लगेच ओळखू येतो.

टोकांवर तीन गोष्टी पाहायच्या. एक, रंगाच्या ताऱ्यासारख्या तडा. दुसरी, घासलेला भाग : चित्र कधीतरी तोंड भिंतीकडे करून टेकवलेलं असतं आणि सर्वांत उंच बिंदूंनी सगळा भार सोसलेला असतो. तिसरी, तपकिरी डाग. हे बहुतेक वेळा खिळ्याच्या गंजाचे असतात आणि आतून येतात, त्यामुळे वरून पुसून जात नाहीत.

धूळ हा पांढऱ्या कामांचा खरा शत्रू. प्रत्येक फुगवट्याच्या वरच्या उतारावर ती बसते आणि काही वर्षांत तिथे करड्या चंद्रकोरी तयार होतात. त्या सावलीसारख्याच दिसत असल्यानं फोटोत पकडता येत नाहीत. चित्रावर उजेड खालून टाकला की सावली उलटते आणि धूळ जागीच राहते. रंग ॲक्रिलिकचा असेल तर त्याचा थर सामान्य तापमानाला किंचित मऊ असतो, म्हणून धूळ त्यात रुतते. थंडीत तोच थर कडक आणि ठिसूळ होतो. ओल्या फडक्यानं पुसलं तर थर फुगतो, त्यातले काही घटक पाण्यासोबत निघून येतात आणि पुसलेला भाग वेगळाच चमकतो. घरी करण्यासारखं काम एकच : अतिशय मऊ केसांच्या ब्रशनं, दाब न देता, कोरडी धूळ वरून खाली काढणं. त्यापुढचं सगळं आधुनिक रंगांचा अनुभव असलेल्या कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे कलाकृती दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाकडे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र हौशी हातांनी केलेलं असतं. पांढरं चित्र मळलं, मग त्यावर पांढरा हात फिरवला. नंतरचा मालक किंवा दुकानदार असं करून मोकळा होतो आणि चित्र 'स्वच्छ' दिसू लागतं. पण मूळ थराची मॅट झळाळी गेलेली असते, वीण भरून गेलेली असते आणि टोकांपाशी रंगाचे छोटे बांध दिसतात. अतिनील दिव्याखाली वेगवेगळे रंग वेगळे चमकतात, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी केलेली दुरुस्ती तिथे उघडी पडते. संपूर्ण पृष्ठभाग एकाच रंगानं झाकला असेल तर दिवाही पुरत नाही. अशा वेळी चौकटीवर वळलेल्या कडेचा रंग पुढच्या रंगाशी ताडून पाहावा. आमच्या मते, पूर्ण झाकलेल्या कामापेक्षा जुनाट, थोडं पिवळसर पण अस्पर्श काम कधीही बरं.

'सिरे'च्या कामांची तऱ्हा निराळी. प्लास्टिकचा थर म्हातारा होतो. कुठे चिकट होतो, कुठे त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं येतं. घडी पडली की ती जात नाही.

पाठ बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही

विक्रेत्याकडून मागायच्या फोटोंची यादी मोठी नाही, पण ती हट्टानं मागावी. समोरून फ्लॅश मारून काढलेला फोटो निरुपयोगी, कारण तो सगळा उठाव सपाट करून टाकतो. डावीकडून तिरक्या उजेडातला एक, वरून तिरक्या उजेडातला एक, बाजूनं काढलेला एक ज्यात फुगवट्यांची उंची दिसेल, अतिनील दिव्याखालचा एक, चारही कोपरे, आणि पूर्ण पाठ.

पाठीवर लाकडाचा रंग, खिळ्यांचा गंज, सही, साल, जुन्या गॅलऱ्यांची आणि प्रदर्शनांची लेबलं, कधी कस्टमचे शिक्के असतात. साठच्या दशकातल्या कामावर सगळे खिळे एकसारखे जुने दिसायला हवेत. कडेला ओळीनं चकाकणारे नवे स्टेपल असतील तर कापड एकदा काढून परत बसवलं आहे, असा अर्थ निघतो. मग कधी, कोणी आणि का, याचा कागद मागावा. फोन्ताना आपल्या चिरांच्या कॅनव्हासमागे रोजच्या आयुष्यातली एखादी साधी ओळ लिहून ठेवायचा आणि ती आज अस्सलपणा तपासताना उपयोगी पडते. त्याच्या चिरांमागे काळं जाळीदार कापडही लावलेलं असतं. ते बदललं असेल तर नोंद हवी.

इटलीत बाजाराचा शेवटचा शब्द बहुधा त्या कलाकाराच्या अर्काइव्हचा, म्हणजे त्याच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, असतो. बोनालुमीचं अर्काइव्ह मिलानमध्ये आहे, कास्तेल्लानीच्या कामासाठी त्याच्या नावाचं फाउंडेशन आहे. कामाचा फोटो, माप आणि नोंदणी क्रमांक असलेलं प्रमाणपत्र ते देतात. बोनालुमीच्या क्रमांकात पहिले दोन अंक सालाचे दिसतात. क्रमांक ६६ नं सुरू होतो आणि कॅटलॉग १९६९ म्हणतो, असं आढळलं तर खुलासा मागायलाच हवा. प्रमाणपत्र हातात आल्यावर ते अर्काइव्हकडून पडताळून घ्यावं. फोटोवरचे फुगवटे आणि समोरचे फुगवटे एकेक करून जुळवावेत. 'प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे' हे वाक्य म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते मिळालं नाही तर व्यवहार रद्द आणि पैसे परत, असं करारात लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सालाला एवढं महत्त्व का? कास्तेल्लानी २०१७ पर्यंत आणि बोनालुमी २०१३ पर्यंत हयात होते आणि दोघेही अर्धं शतक याच भाषेत काम करत राहिले. पण साठच्या दशकातली कामं आणि नंतरची कामं यांच्या भावात मोठी दरी आहे. त्यामुळे साल 'मागे ओढण्याचा' मोह असतो. पाठीवरचं लाकूड आणि लेबलं इथेच साक्ष देतात.

पैशांचा हिशोब

लिलावात हातोडा ज्या आकड्यावर पडतो, तो तुम्ही देत असलेला आकडा नसतो. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचं शुल्क, लागतो. मोठ्या लिलावगृहांत तो खालच्या टप्प्यांवर २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि नेमका दर प्रत्येक लिलावगृहाच्या अटींत छापलेला असतो. हातोडा १,००,००० युरोला पडला आणि प्रीमियम २५ टक्के धरला, तर १,२५,००० युरो. त्यावर कर, वाहतूक आणि विमा वेगळा. कॅटलॉगमधला अंदाजित भाव मात्र हातोड्याचा असतो, प्रीमियम न धरता. दोन आकड्यांची तुलना करताना नवखा माणूस हमखास इथे फसतो आणि 'अंदाजाच्या वर गेलं' म्हणतो, जेव्हा ते अंदाजाच्या आतच विकलेलं असतं.

युरोपात पुनर्विक्रीवर कलाकाराच्या वारसांचा हक्क असतो आणि तो मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. म्हणजे बोनालुमीच्या कामांवर २०८३ अखेरपर्यंत. पहिल्या ५०,००० युरोंवर ४ टक्के, पुढच्या दीड लाखावर ३ टक्के, आणि मग दर उतरत जातो. वरच्या उदाहरणात २,००० अधिक १,५००, मिळून ३,५०० युरो. एका विक्रीवर १२,५०० युरोंपेक्षा जास्त कधीच नाही. इटलीत हा भार विक्रेत्यावर आहे. इतर देशांत लिलावगृह तो खरेदीदाराच्या बिलात टाकू शकतं, म्हणून नोंदीशेजारची बारीक खूण वाचावी.

इटलीतून काम बाहेर न्यायचं असेल तर वय आधी मोजावं. कलाकार हयात नाही, काम ७० वर्षांहून जुनं आहे आणि किंमत १३,५०० युरोंहून जास्त आहे, तर निर्यातीसाठी सरकारी परवानगी लागते आणि ती नाकारलीही जाऊ शकते. २०१७ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५० वर्षांची होती. ७० च्या आतल्या कामाला मालकाचं स्वयंघोषणापत्र निर्यात कार्यालयात द्यावं लागतं; मात्र ५० ते ७० वर्षांमधलं एखादं काम राष्ट्रीय वारशाच्या दृष्टीनं अपवादात्मक ठरवून तेव्हाही अडवता येतं. फोन्तानाची सुरुवातीची भोकांची कामं सत्तरी ओलांडून गेली आहेत. बोनालुमी आणि कास्तेल्लानीची १९५९ ची पहिली कामं २०२९ मध्ये ती ओलांडतील, आणि त्या सुमारास इटलीत असलेल्या आणि इटलीबाहेर असलेल्या कामांच्या भावात फरक पडला तर नवल वाटायला नको.

घरापर्यंत आणि भिंतीवर

बबल रॅप थेट पृष्ठभागावर कधीही नाही. मऊ ॲक्रिलिकवर त्याचे गोल ठसे उमटतात आणि ते कायमचे राहतात. चित्र फक्त मागच्या चौकटीनं स्क्रू करून प्रवासाच्या लाकडी फ्रेममध्ये बसवायचं, पुढे काहीही न टेकता, आणि ती फ्रेम फोमचं अस्तर असलेल्या पेटीत ठेवायची. सर्वांत उंच टोकापासून झाकणापर्यंत निदान ५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. उचलताना दोन माणसं, स्वच्छ हातमोजे आणि पकड फक्त चौकटीच्या बाजूंवर. खोल कामांत फुगवटा धरायला सोयीचा वाटतो आणि नेमकी तिथेच बोटांची खूण राहते.

भिंतीवर एकच मुख्य दिवा, वरून तिरका. दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावले तर सावल्या एकमेकींना खातात आणि चित्र सपाट होतं. १५० ते २०० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरेसा. थेट ऊन, एसीचा झोत आणि बाहेरच्या बाजूची ओल धरणारी भिंत टाळावी. घरात लहान मुलं असतील तर ॲक्रिलिक काचेची पेटी करावी, ती उंच टोकापासून २-३ सेंटिमीटर लांब. हात लावण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, तो भाग वेगळा.

पेटी घरी आली की लगेच उघडू नये. २४ तास खोलीतच तशीच ठेवावी, म्हणजे आतलं लाकूड आणि कापड नव्या हवेला हळूहळू सरावतं. उघडल्यावर आधी खरेदीपूर्वीचा स्थिती-अहवाल (चित्राच्या अवस्थेची लेखी नोंद) हातात घ्यावा आणि तिरक्या उजेडात प्रत्येक टोक त्यातल्या फोटोशी ताडावं. नवी तडा किंवा निसटलेला खिळा दिसला तर चित्र हलवायच्या आधी पेटीसकट फोटो काढून त्याच दिवशी विमा कंपनीला आणि वाहतूकदाराला लेखी कळवावं. दाव्याची मुदत काही वेळा थोड्याच दिवसांची असते आणि ती पॉलिसीत लिहिलेली असते.